नवव्या मजल्यावरचा हत्ती

चिंतामणी पेडणेकर परक्या घरात शिरले, ही गोष्ट खरी. पण 'शिरले' म्हणणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. शिरतो तो चोर. पेडणेकर सरळ आत गेले, चपला दाराआड सरकवल्या, शर्ट काढून खुंटीला अडकवला, पंखा पाचावर केला आणि टीपॉयवरचा पेपर उचलून गंजीफ्रॉकवर सोफ्यात बसत म्हणाले, "नलू, चहा टाक गं." आतून भांड्यांचा आवाज आला. चहाही आला. पेपरातून डोकं न काढता त्यांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "आज साखर कमी आहे."

"काका, आमच्याकडे एवढीच घालतात," असं उत्तर आलं तेव्हा त्यांनी मान वर केली. समोर आठव्या मजल्यावरच्या मीनाक्षी राऊळ साखरेचा डबा घेऊन उभ्या होत्या.

आता यात दोष कोणाचा? लालबागची मोरेश्वर चाळ पाडून बिल्डरने तिथे 'मोरेश्वर एलिगन्स' बांधलं. त्यातलं एलिगन्स विकायच्या विंगला गेलं आणि जुन्या भाडेकरूंच्या वाट्याला मोरेश्वर आलं. सगळ्या घरांना एकच क्रीम रंग, एकच चॉकलेटी दार, एकाच डिझाइनच्या टाइल्स. चाळ सुटली तरी माणसांची सवय सुटली नव्हती, त्यामुळे दिवसभर सगळी दारं सताड उघडी आणि त्यांवर पडदे. लिफ्टमधला मजल्याचा आकडा बिघडलेला होता; तो तळमजल्यापासून गच्चीपर्यंत 'तीन'च दाखवायचा. नवाचं बटण दाबावं, मध्येच कोणीतरी बोलावलेली लिफ्ट आठव्यावर थांबावी, दार उघडावं आणि माणसाने बाहेर पडावं, यात डोक्याचा संबंध येतोच कुठे? चाळीत हा प्रश्न कधी आला नाही. तिथे पेडणेकरांची खोली संडासाला लागून होती. त्यांना घर डोळे मिटून सापडायचं.

एक वेळ हेही सगळे हसून विसरले असते. पण पुढच्याच आठवड्यात पेडणेकर पुन्हा मीनाक्षीताईंकडे गेले आणि या वेळी चहाही न मागता सोफ्यावर आडवे झाले. झोपलेल्या वडीलधाऱ्या माणसाला उठवू नये म्हणून मीनाक्षीताईंनी त्यांच्या अंगावर चादर घातली, पंखा कमी केला आणि इंटरकॉमवरून वर कळवलं. त्यांना न्यायला शंतनू आला.

शंतनू हा पेडणेकरांचा मुलगा. लोअर परळला काचेच्या इमारतीत नोकरी करतो आणि घरातही मीटिंग घेतल्यासारखाच बोलतो. त्याच संध्याकाळी त्याने एक प्लास्टिक चढवलेलं कार्ड आणलं आणि स्वतःच्या ऑफिसची निळी पट्टी लावून वडिलांच्या गळ्यात घातलं. कार्डावर लिहिलं होतं : 'मी चिंतामणी पेडणेकर. फ्लॅट ९०३, मोरेश्वर. भेटल्यास घरी पोहोचवावे.'

"मी काय कुत्रा आहे?" पेडणेकरांनी विचारलं.

"अप्पा, सेफ्टी आहे ही. आणि स्पष्टच सांगतो, परत असं झालं तर एकट्याने खाली जायचं बंद. आई सोबत येईल. मग आपण डॉक्टरांना दाखवू."

"कसल्या डॉक्टरांना?"

शंतनूने बोट कपाळाला लावलं.

दुपारी चार वाजता पार्किंगच्या शेजारी चाळीतल्या जुन्या मंडळींचा पत्त्यांचा, मेंढीकोटचा डाव बसतो. गिरणीच्या भोंग्यासारखी वेळ पाळणारे पेडणेकर बायकोचा, नलूचा हात धरून तिथे पोहोचणार, ती बाकावर बसून स्वेटर विणणार आणि डाव संपला की त्यांना परत नेणार, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. पेडणेकरांना खरोखरची भीती वाटली. विमा कंपनीत उभी हयात काढलेल्या या माणसाकडे आता स्वतःचं म्हणावं असं एवढंच उरलं होतं, की मनात आलं की चपला घालून एकट्याने खाली जाता येतं.

डोकं शाबूत आहे हे सिद्ध करणं कठीण असतं. डोकं शाबूत आहे असं जितकं जास्त सांगावं तितके लोक एकमेकांकडे पाहतात. तेव्हा पेडणेकरांनी डोक्याला हात न लावता घरालाच हात घालायचं ठरवलं. घर असं करायचं, की पडदा सरकवला की आपलं आहे की दुसऱ्याचं, हे आंधळ्यालाही कळावं.

सून मनवा या कल्पनेवर बेहद्द खूश झाली. "अप्पा, याला मॅक्सिमलिझम म्हणतात! सध्या हेच चाललंय," म्हणून तिने मोबाइलवर फोटो दाखवले. जांभळं छत, भिंतभर केळीची पानं, पानांतून डोकावणारा वाघ, चार रंगांचा सोफा आणि उरलेल्या जागेत आणखी सामान.

"एवढं सामान बाहेर? यांना माळा नाही वाटतं," नलू म्हणाली.

मनवाच्या मोबाइलवर फोटो उघडायला लागायचा तेवढाही वेळ ही बातमी मजल्यावर पसरायला लागला नाही. शेजारच्या रखमाकाकू मालवणहून लग्न होऊन चाळीत आल्या त्याला जमाना झाला, पण त्यांची भाषा अजून गावीच आहे. त्या म्हणाल्या, "माका इचारशीत तर लाल रंग लाव. ढेकूण मारलंस तरी डाग दिसाचो नाय." कोणी म्हणालं पिवळ्याने पचन सुधारतं. कोणी म्हणालं दक्षिणेच्या भिंतीला हिरवा लावला तर मुलगा परदेशी जातो, आणि पेडणेकरांनी त्या क्षणी त्या सल्ल्याचा गांभीर्याने विचार केला. शेवटी कोणालाच दुखवायचं नाही म्हणून एक भिंत राणी कलरची, एक मोरपिशी, एक हळदी आणि छत वाइनच्या रंगाचं झालं. रंगारी प्रत्येक भिंतीआधी "साहेब, नक्की ना?" असं विचारायचा आणि नंतर नंतर तर नलूकडे बघून विचारू लागला.

पण पेडणेकरांचं समाधान होईना. रंग काय, उद्या कोणीही लावेल. दुसऱ्या कोणाच्या घरात असूच शकणार नाही असं काहीतरी पाहिजे होतं. तेव्हा मेंढीकोटच्या अड्ड्यावरून निलेशचं नाव आलं.

निलेश गणपती मंडळांची सजावट करतो. कार्डावर मात्र 'आर्ट डायरेक्टर' असं छापतो. सीझन संपलेला असल्यामुळे परळच्या गोदामात त्याचे महाल, डोंगर आणि राक्षस रिकामे पडून होते. तो घरात आला, मध्यभागी उभा राहिला, एक डोळा मिटला आणि म्हणाला, "काका, थीम सांगा."

"थीम म्हणजे?"

"समुद्रमंथन घ्या. राक्षस रेडी आहेत."

"राक्षस नकोत," नलू म्हणाली. "ह्यांचे मित्र येतात तेवढे पुरेत."

"मग राजस्थानी महाल करू. कमान, झुंबर, दोन हत्ती. कान हलणारे."

"दोन कशाला? एक बास."

निलेशला धक्का बसला. "काका, एक हत्ती आपण बनवतच नाही. मंडपाला दोन बाजू असतात. माझे साचेच जोडीचे आहेत."

सजावटीसाठी सोसायटीची परवानगी लागते. सेक्रेटरी हितेंद्र हा एकेकाळी चाळीत पतंगासाठी पेडणेकरांच्या पत्र्यावर चढायचा, पण सेक्रेटरी झाल्यापासून त्याला कोणाची ओळख लवकर पटत नाही. त्याने विचारलं, "काम कसलं? टाइल्स, ग्रिल, बाथरूम, यातलं सांगा."

"हत्ती."

"हत्ती यात बसत नाही, काका."

"लिफ्टमध्येही बसत नाही. जिन्याने आणणार आहे."

मग कमिटीची मीटिंग झाली. पाळीव प्राण्यांचा नियम लागू होतो का, यावर पहिला तास गेला. एका सदस्याने हत्ती जिवंत नाही याचा पुरावा मागितला. अखेर 'हत्ती हे फर्निचर समजण्यात यावे, मात्र त्याने कॉमन पॅसेजमध्ये उभे राहू नये' असा ठराव मंजूर झाला, आणि दोन दिवसांत मोडला. निलेशच्या माणसांनी दोन्ही हत्ती जिन्याने वर चढवले, पण कमान बसवल्यावर घरात एकाच हत्तीला जागा उरली. दुसरा परत खाली नेताना आठव्या मजल्यावरच्या पॅसेजमध्येच ठेवून निलेश "उद्या नेतो" म्हणून निघून गेला. डेकोरेटरचा उद्या कोणत्या महिन्यात येतो हे लालबागमध्ये सगळ्यांना माहीत असल्यामुळे कोणी काही बोललं नाही.

घरातला हत्ती दिसायला देखणा होता, याबद्दल दुमत नाही. कपाळावर नक्षी, पाठीवर झूल, आशीर्वादाला वर उचललेली सोंड. पंचाईत अशी झाली, की ती सोंड नेमकी फ्रीजच्या दारावर आडवी आली. फ्रीज वीतभरच उघडायचा. त्या फटीतून फक्त मनवाचा हात आत जायचा, त्यामुळे दही पाहिजे असलं तर अख्खं घर मनवा ऑफिसातून यायची वाट बघत बसू लागलं. शिवाय कानांची मोटर निलेशने गीझरच्या वायरला जोडली होती. घरात कोणीही आंघोळीला गेलं की हत्ती कान हलवायचा. नवीन सून असलेल्या घरात असल्या गोष्टींची जाहिरात होऊ नये, असं नलूचं म्हणणं होतं.

फ्रीज सरकवायला जागा नव्हती, हत्ती सरकवायला तर नव्हतीच. पेडणेकरांनी निलेशला सोंड कापायला सांगितली. निलेशने कानाला हात लावला.

"काका, सोंडेला आरी? लालबागमध्ये? मला सीझनला धंदा करायचाय."

रखमाकाकू तर दारातच बसल्या. "लालबागात रवान सोंड कापतलंस? हात झडतीत तुझे!"

"काकू, हा साधा हत्ती आहे. याला देवपण नाही."

"सोंड असा ना? मगे?"

पेडणेकरांनी कापायचा विचार सोडून दिला. पण तिसऱ्या दिवशी फ्रीजमधली कोळंबी वीतभर फटीतून बाहेर काढता येईना, तिचा वास मात्र विनासायास बाहेर येऊ लागला, तेव्हा नलू म्हणाली, "हत्ती राहील नाहीतर मी." पेडणेकरांनी माळ्यावरची करवत काढली. मोरेश्वरमध्ये राहायला आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी भरदिवसा दार लावलं, त्यामुळे काहीतरी भयंकर चाललंय हे सगळ्या मजल्याला लगेच कळलं. आधी हात जोडून त्यांनी क्षमा मागितली, मग डोळे मिटले आणि करवत चालवली. उरलेल्या बुंध्याचं भगदाड फार वाईट दिसत होतं. नलूने त्यावर स्टीलची वाटी उपडी चिकटवली. हत्ती आमटी मागायला आल्यासारखा दिसू लागला, पण फ्रीज उघडला.

मग लोक बघायला येऊ लागले. लालबागचा माणूस कमान आणि रोषणाई बघितली की चपला काढतो; त्यात त्याचा विचार नसतो, पायच काढतात. पडदा सरकवून मंडळी आत यायची, हात जोडायची आणि मग हत्ती आणि भिंत यांच्यामध्ये देव कुठे आहे ते शोधायची. झुंबराखाली बरोब्बर मध्यभागी नलू घेवडा मोडत बसलेली असायची. काहींनी तिलाच नमस्कार केला. पहिल्या दिवशी ती ओशाळली, चौथ्या दिवशी "सुखी राहा" म्हणू लागली. मागच्या विंगमधले दोन अनोळखी गृहस्थ तर "मुखदर्शनाची लाइन वेगळी आहे का?" असं विचारून गेले. रखमाकाकू हत्तीला शिव्या देत रोज सकाळी त्याच्या पायाशी जास्वंदीचं फूल ठेवून जायच्या. हितेंद्रने बोर्डावर नोटीस लावली : 'नवव्या मजल्यावरील दर्शन त्वरित बंद करावे.' नोटीस वाचून, दर्शन आहे हे ज्यांना माहीत नव्हतं तेही आले.

एवढ्या गोंधळात पेडणेकर मात्र सुखात होते. मेंढीकोट आटपून वर यावं, लिफ्टमधून बाहेर पडावं, पडदा जरासा सरकवावा, राणी कलर अंगावर आला की खुशाल चपला काढाव्यात. कार्ड त्यांनी खिशात टाकलं होतं.

शंतनूला कंपनीने ट्रेनिंगसाठी हैदराबादला पाठवलं. निघताना तो कमानीखाली उभा राहून म्हणाला, "अप्पा, आता तरी चुकणार नाही ना?"

"आता चुकायचं ठरवलं तरी चुकता येणार नाही."

"बघा हं. चुकलात तर मी आल्या आल्या अपॉइंटमेंट घेणार."

इकडे आठव्या मजल्यावर दुसरा हत्ती उभा होता. येता-जाता मीनाक्षीताईंचा पदर त्याच्या सुळ्यात अडकायचा. आधी त्यांनी त्याला बोल लावले, मग पुसलं, मग त्याच्या पाठीवर पापड वाळत घातले, आणि एके दिवशी त्यांना त्याची दया येऊन त्यांनी त्याला घरात घेतलं. आता नुसता हत्ती क्रीम भिंतीपुढे कसा दिसणार? त्यांनी निलेशला बोलावलं. निलेशकडे कमानही जोडीची होती, झुंबरही जोडीचं होतं. पेडणेकरांच्या रंगाऱ्याकडे राणी कलर, मोरपिशी आणि हळदी उरलेलेच होते, ते संपवायची संधी त्याने सोडली नाही. नलूने या प्रकारावर मीनाक्षीताईंशी दोन दिवस अबोला धरला. तिला बोलण्याची घाई होती म्हणून तिसऱ्या दिवशी सोडला. पण अबोल्याचं कारण तिने पेडणेकरांना सांगितलं नव्हतं, आणि अशा बातम्या हैदराबादला कळवायची कोणाला गरज वाटली नाही.

त्या दिवशी पेडणेकरांनी डावात तीन मेंढ्या मारल्या होत्या. ते गुणगुणत लिफ्टमधून बाहेर पडले. पडदा सरकवला. राणी कलर. त्यांनी चपला काढल्या, आत आले, मोरपिशी भिंतीकडे पाठ करून शर्टाचं पहिलं बटण सोडलं, दुसरं सोडलं, आणि सवयीने हत्तीकडे पाहिलं.

हत्तीची सोंड वर उचललेली होती. अख्खी.

पेडणेकर जागच्या जागी थिजले. माणसाच्या हातून कितीही पुण्य घडलं तरी कापलेली सोंड परत उगवत नाही, एवढं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी दुसरं बटण लावलं, पहिलं लावलं. आतून मीनाक्षीताई हात पुसत बाहेर आल्या तेव्हा ते कमानीकडे मान वर करून बघत होते.

"काका, तुम्ही?"

"सहज आलो होतो. म्हटलं तुमचं काम बघावं. छान झालंय हो," असं म्हणून ते बाहेर पडले आणि लिफ्टवर विश्वास न ठेवता जिन्याने एक मजला चढले. घरात येऊन त्यांनी आधी हत्तीच्या वाटीवरून हात फिरवला. डोकं शाबूत होतं. पण हे कोणाला सांगायची सोय नव्हती, कारण सांगायचं तर आधी कुठे गेलो होतो तेही सांगावं लागलं असतं.

शंतनू रविवारी दुपारच्या विमानाने परत यायचा होता. नलूने सुरमई आणून ठेवली होती. विमान उतरलं असा मेसेज आला, टॅक्सी दादरपर्यंत आली असा आला, खाली पोहोचलो असाही आला. मग काहीच आलं नाही. सुरमई तळून झाली. मनवा दोनदा लिफ्टपर्यंत जाऊन आली. तेवढ्यात इंटरकॉम वाजला आणि फोन पेडणेकरांनी घेतला.

"काका, मी मीनाक्षी बोलतेय," पलीकडून दबका आवाज आला. "तुमचा शंतनू आमच्याकडे आहे."

"तुमच्याकडे? काय करतोय?"

"आल्या आल्या शर्ट काढला, सोफ्यात बसला आणि 'आई, चहा' म्हणाला. मोबाइलमधून मान वर नाही. मी चहा दिला."

पेडणेकरांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "मग?"

"साखर कमी आहे म्हणाला. आता घोरतोय."

पेडणेकरांनी रिसीव्हर ठेवला. आरशासमोर जाऊन त्यांनी केस नीट केले, इस्त्रीचा शर्ट घातला आणि पँटच्या खिशात हात घालून एक गोष्ट जागेवर आहे ना याची खात्री करून घेतली. "मी पण येते," असं नलू म्हणाली, तर "मी एकटा जाऊन येतो," असं त्यांनी तिला शांतपणे सांगितलं.

आठव्या मजल्यावर शंतनू गंजीफ्रॉकवर, अंगावर चादर, अख्ख्या सोंडेच्या सावलीत गाढ झोपला होता. झोपेत तो लहानपणी दिसायचा तसाच दिसत होता, आणि क्षणभर पेडणेकरांच्या मनात आलं की जाऊ दे, गुपचूप उठवावं आणि न्यावं. तो क्षण गेला. ते समोरच्या खुर्चीत बसले, मीनाक्षीताईंकडून अर्धा कप चहा घेतला आणि सावकाश संपवला. साखर खरंच कमी होती. मग त्यांनी खिशातून निळ्या पट्टीचं कार्ड काढून मुलाच्या गळ्यात घातलं.

शंतनूने डोळे उघडले. समोर वडील, मागे मीनाक्षीताई, वर सोंड. त्याने सोंडेकडे पाहिलं, मग सगळ्या भिंतींकडे पाहिलं आणि शेवटी गळ्यातल्या कार्डाकडे पाहिलं.

"अप्पा... हे तर तुमचं नाव आहे."

"असू दे," पेडणेकर त्याचा शर्ट त्याच्या हातात देत म्हणाले, "पत्ता बरोबर आहे."